डाळ न शिजणारं पाणी

मी डिस्टिलरीत नोकरी केली असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास येतो, मग थोडं हसू येतं, आणि मग तो आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे दारूच्या कारखान्यात?" लग्नात, बारशात, शिरूरच्या स्टँडवर, एकदा तर दहाव्याच्या घाटावरसुद्धा मला हा प्रश्न विचारला गेला आहे. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "घरी काही आणता येतं का?" आमचं अल्कोहोल पेट्रोलमध्ये जातं, औषधांत जातं, सरकारी सील लावलेल्या टँकरमधून जातं, हे मी सुरुवातीला तळमळीनं सांगायची. पुढं पुढं नुसतं "नाही" म्हणायला लागले. माणसाची निराशा झालेली बघण्यातही एक गंमत असते.

खरं सांगायचं तर अल्कोहोलशी माझा संबंध फार थोडा आला. माझा संबंध ते तयार करणाऱ्यांशी होता. शिरूर आणि दौंडच्या मधल्या ऊसपट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होते, आणि माझ्याकडं यीस्टचं खातं होतं. साखर काढून झाल्यावर उसाच्या रसाचा जो काळा, चिकट गाळ उरतो, त्याला आम्ही मळी म्हणतो. ती मळी पाण्यात कालवायची, मोठ्या टाकीत भरायची आणि तिच्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट मळीतली उरलेली साखर खातं आणि अल्कोहोल टाकतं. दीड दिवसात टाकी आंबून तयार होते, पुढं ती ऊर्ध्वपातनाला जाते. आमचं काम एवढंच. त्यांना खायला घालायचं, फार तापू द्यायचं नाही, आजारी पडू द्यायचं नाही. गुरं राखण्यापेक्षा हे वेगळं नाही, फक्त ही गुरं डोळ्यांना दिसत नाहीत.

एकदा केंदूरकडचे एक संचालक डिस्टिलरी बघायला आले. पांढरीशुभ्र टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. मी त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. यीस्टची पेशी वाढते तेव्हा तिला एका बाजूनं छोटी कळी फुटते, ती मोठी होऊन सुटी होते. बराच वेळ ते हललेच नाहीत. मग डोळा न काढता म्हणाले, "मॅडम, ही तर गाभण हाय."

मी म्हटलं, "अर्ध्याअधिक गाभणच असतात, काका."

"आन् ह्यांना राखतं कोण?"

मी दाराकडं बोट दाखवलं. दारात सोपानआप्पा उभे होते, अनवाणी.

आप्पा निमोण्याचे. यीस्टच्या खोलीतले ऑपरेटर. शिक्षण सातवी, पण यीस्टबद्दल त्यांना जे कळायचं ते मला पदवी घेऊन कळत नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला काचेच्या नळीतून चिमूटभर यीस्ट यायचं. ते आधी बाटलीत, मग बादलीएवढ्या भांड्यात, मग हौदात, मग टाकीत असं वाढवत न्यायचं काम आप्पांचं. वास घेऊन ते सांगायचे की आज जोर आहे की नाही. टाकीच्या पत्र्याला कान लावून ऐकायचे. यीस्ट कामाला लागलं की वायूचे बुडबुडे निघतात, आणि आतून पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. आप्पा म्हणायचे, "टाकी बोलतीय."

खोलीत शिरताना चपला बाहेर. तंबाखू बाहेर. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. आणि सगळ्यांत कडक नेम ताकाचा. आमचा खरा शत्रू म्हणजे दह्यातले, ताकातले जिवाणू. ते टाकीत शिरले की साखर खातात आणि अल्कोहोलऐवजी आंबटपणा तयार करतात. मी नवीन असताना हे सगळ्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. आप्पांनी ताक सोडलं. कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून हंगामाची सांगता होईपर्यंत पाच-सहा महिने ताक नाही, दही नाही, कढीसुद्धा नाही. निमोण्यातला माणूस, घरात दोन म्हशी, आणि भाकरीबरोबर ताक नाही. मी म्हटलं होतं, "आप्पा, हात धुतले तरी पुरतं." त्यावर ते म्हणाले, "हात धुता येत्यात मॅडम. तोंडाचा वास कसा धुवायचा?"

आता ज्या हंगामाबद्दल लिहायचं आहे तो हंगाम सांगते. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. ऊस तोडून आणण्यात उशीर झाला, बराचसा वाळलेला, शिळा ऊस गाळपाला आला. शिळ्या उसाचा रस आंबट असतो, म्हणून साखरेच्या विभागात रस निवळायला चुना जास्त घालावा लागला. तो चुना शेवटी उरतो मळीत. म्हणजे आमच्याकडं आलेली मळी आधीच चुनकट होती. त्यात नदीला पाणी सुटायला उशीर झाला आणि मळी कालवायला पाणी पुरेना. साहेबांनी, म्हणजे आमच्या डिस्टिलरीच्या मॅनेजरांनी, विचारलं की आवारातल्या नव्या बोअरचं पाणी वापरता येईल का, तपासून सांगा.

मी तपासलं. जिवाणू बघितले, एकही नाही. आंबटपणा ठीक. गढूळपणा नाही, वास नाही. आरशासारखं पाणी. मी लिहिलं, 'वापरण्यास योग्य', आणि खाली सही केली. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार किती, हे तपासलंच नाही. आमच्याकडं कठीणपणा ही बॉयलरवाल्यांची डोकेदुखी समजली जायची. नळ्यांत खपली धरते ती त्यांच्या, आमच्या नाही.

सही करताना आप्पा शेजारी होते. म्हणाले, "मॅडम, ह्या पाण्यात कॅन्टीनवाल्याची डाळ शिजंना. दोन दिस झालं, सोडा टाकतोय तो."

मी हसून म्हटलं, "आप्पा, आपल्या यीस्टला डाळ शिजवायची नाही."

तेही हसले. माझं मन राखायला हसले असावेत, असं आता वाटतं.

आठवडाभरात टाक्या गप्प झाल्या. आप्पांनी एका सकाळी येऊन सांगितलं, "तीन नंबर बोलंना." दुपारपर्यंत चार नंबर. दोन दिवसांत सगळ्या. आंबायची क्रिया अर्ध्यावर थांबत होती. वर पाणी निवळ दिसायचं आणि तळाला गाळ बसायचा, वरणाचं पाणी आणि डाळ वेगळी व्हावी तसा. अल्कोहोल निम्म्यावर आलं. साखर तशीच शिल्लक. वरून फोन सुरू झाले. साहेब तासातासाला विचारू लागले, "मॅडम, काय झालंय? कुणाची चूक आहे?"

लक्षात घ्या, प्रश्न 'काय झालंय' एवढाच राहिला नव्हता. 'कुणाची' हा शब्द आला, की माणूस उत्तर शोधायचं सोडून माणूस शोधायला लागतो. मी घाईत एक स्लाइड बघितली. यीस्टचे गठ्ठे झालेले, द्राक्षांच्या घडासारखे. कडेला चार-दोन काडीसारखे जिवाणू. ते कुठल्याही टाकीत थोडेफार असतातच, पण त्या दिवशी मला तेच दिसले. पांढऱ्या सुईसारखे खडेही दिसले होते. जिवाणू वाढू नयेत म्हणून टाकीत आम्ही थोडं ॲसिड घालतो, ते आणि चुना एकत्र आलं की तसे खडे तयार होतात. ते मी बघून सोडून दिले. अहवालात लिहिलं, 'यीस्ट वाढवण्याच्या टप्प्यावर संसर्ग. ऑपरेटरकडून स्वच्छतेत हयगय झाल्याची शक्यता.'

'शक्यता' हा शब्द मी स्वतःसाठी पळवाट म्हणून ठेवला होता. साहेबांनी तो वाचलाच नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला. सोपानआप्पांना यीस्टच्या खोलीतून काढून बगॅसच्या यार्डात टाकलं. बगॅस म्हणजे उसाचं चिपाड. दिवसभर उन्हात, धुळीत उभं राहून चिपाडाच्या ढिगावर लक्ष ठेवायचं. त्यांच्या निवृत्तीला दोन हंगाम उरले होते.

आप्पा भांडले नाहीत. फक्त एकदा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, मी कुटं चुकलो त्येवढं सांगा. म्हंजी पुन्हा न्हाई चुकनार."

मी म्हटलं, "आप्पा, संसर्ग झालाय. ताकातले जिवाणू."

ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्यांनी 'मी ताक पीत नाही' असं म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, कारण ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

आप्पा गेले, खोली धुऊन काढली, औषध मारलं, नवं यीस्ट वाढवलं. टाक्या गप्पच. तेव्हा मी शांतपणे बसले आणि जे आठ दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. यीस्टच्या थेंबात निळा रंग घातला. ही आमची साधी परीक्षा. मेलेली पेशी रंग आत घेते आणि निळी होते. जिवंत पेशी रंगाला टिकू देत नाही, ती पांढरीच राहते. मी डोळा लावला. गठ्ठेच्या गठ्ठे, आणि सगळे पांढरे. एखाद-दुसरी निळी सोडली तर सगळं यीस्ट ठणठणीत जिवंत होतं. जिवंत होतं, गाभण होतं, पण एकमेकांना घट्ट धरून तळाशी बसलं होतं.

मग मला डाळ आठवली. चुन्याच्या पाण्यात ती शिजत नाही.

बॉयलरच्या प्रयोगशाळेत पाण्याचा कठीणपणा मोजायला एक रसायन असतं. ते चुन्याच्या कॅल्शियमला आवळून धरतं, दुसऱ्या कुणाला मिळू देत नाही. मी जाऊन वाटीभर मागून आणलं. यीस्टचा गाळ दोन नळ्यांत घेतला आणि एकीत ते घातलं. हलवलं. ज्या नळीत रसायन होतं तिथले गठ्ठे सुटले, दुधासारखं एकसारखं पाणी झालं. दुसरीत गाळ तसाच. मग पहिल्या नळीत मी पुन्हा चुन्याचे क्षार घातले. डोळ्यांदेखत कण एकमेकांना चिकटले आणि खाली बसले. यीस्टच्या अंगावर बाहेरून काही हात असतात म्हणा, ते शेजारणीला धरतात, पण कॅल्शियम असेल तरच. मळीत आधीच चुना, त्यात बोअरचं पाणी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. बॉयलरवाल्यांकडून पाण्याचा कठीणपणा मोजून घेतला. तो आकडा बघून तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, हे पाणी आम्ही बॉयलरच्या आसपास फिरकू देत नाही. तुम्ही कुणाला पाजलंत?"

म्हणजे संसर्ग नव्हताच. पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या कागदावर सही माझी होती.

इथं मला लिहायला जड जातं. हे कळल्यावर मी त्याच क्षणी उठून साहेबांकडं गेले, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी गेले नाही. बोअरचं पाणी बंद करायला लावलं, 'मळी फार चुनकट आहे, खबरदारी म्हणून' असं कारण दिलं. मळीत ॲसिड घालून, तापवून, चुना तळाला बसवून वरची मळी वापरायची पद्धत सुरू केली. टाक्या हळूहळू बोलायला लागल्या. साहेब खूश. आणि आप्पा यार्डात. मी रोज स्टाफ बसमधून उतरताना तिकडं न बघता जायची.

त्या दिवसांत एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. इतक्या चुन्यात ही पेशी जगली कशी? पेशीच्या आत कॅल्शियम फार झालं तर ती मरते, एवढं मला कॉलेजातलं आठवत होतं. आणि माझ्या टाक्यांत तर चुन्याचा चिखल होता. माझ्या बहिणीची मुलगी स्नेहल तेव्हा पुण्याला एका प्रयोगशाळेत यीस्टवरच संशोधन करत होती. माझं माहेर दौंडचं. रविवारी माहेरी गेले होते, सोमवारी सुट्टी टाकून तिथूनच सकाळच्या गाडीनं पुणे गाठलं. खरं तर प्रश्न विचारायला गेले की यार्ड चुकवायला गेले, ते माझं मला ठाऊक नाही.

स्नेहलनं मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं एक यंत्र आणि पडदा. ती म्हणाली, "मावशी, समुद्रात एक जेलीफिश असतो. त्याच्या अंगात एक प्रथिन आहे, त्याला कॅल्शियम लागलं की ते उजळतं. ते प्रथिन बनवायची कृती आम्ही यीस्टला शिकवली आहे. म्हणजे आता पेशीच्या आत कॅल्शियम वाढलं की ती उजेड देईल. डोळ्यांना दिसणार नाही, यंत्राला दिसेल."

पडद्यावर त्या उजेडाची एक रेघ चालली होती, तळाला चिकटून, जवळजवळ शून्यावर. मी विचारलं, "ह्या पेशींच्या बाहेरच्या पाण्यात किती कॅल्शियम आहे?"

"आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. नेहमीच असतं. आता बघ."

तिनं नळीत कॅल्शियमचं तीव्र द्रावण सोडलं. रेघ ताडकन वर गेली. मला वाटलं, मेलं. आणि तेवढ्यात रेघ वाकली. खाली यायला लागली. घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरा पुरा करायच्या आत ती पुन्हा जवळजवळ तळाला आली आणि तशीच चालू लागली. बाहेर चुन्याचा पूर तसाच होता. आत मात्र सगळं जागच्या जागी.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण दुसरा सुचला नाही.

मग तिनं सांगितलं, ते माझ्या भाषेत सांगते. पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, पुस्तकात तिला रिक्तिका म्हणतात. नाव रिकामी, पण ती पेशीचं कोठार आहे. आत घुसलेलं कॅल्शियम उचलून त्या कोठारात कोंबणारे दोन पंप आहेत. एक चपळ. कोठारातल्या आंबटपणाच्या जोरावर चालतो, एकदम लोंढा आला की तो सावरतो. दुसरा चिवट. तो पेशीची कमाईची शक्ती खर्च करून चालतो, सावकाश, पण थोडंसं उरलेलंही सोडत नाही. कोठारात गेलेलं कॅल्शियम तिथल्या फॉस्फेटच्या लांबलचक साखळ्यांना बांधून पडतं. पेशी ते फेकून देत नाही, कारण ते लागतं.

"लागतं कशाला?" मी विचारलं.

"निरोपाला," ती म्हणाली. "आत एवढं कमी ठेवतात ते म्हणूनच. शांतता असेल तरच हाक ऐकू येते ना? थोडंसं कॅल्शियम आत आलं की पेशीला कळतं, बाहेर काहीतरी बिघडलंय. एक प्रथिन ते ओळखतं, दुसऱ्याला जागं करतं, ते तिसऱ्याला पेशीच्या केंद्रात धाडतं. आणि केंद्रातून हुकूम सुटतो, आणखी पंप बनवा. पुढचा लोंढा यायच्या आत तयारी."

मी त्या रेघेकडं बघत बसले. तीस वर्षं मी ह्यांना खाऊ घातलं, गरम झाल्या तर गार केलं, रंग लावून मेल्या की जगल्या ते मोजलं. तो सगळा वेळ, प्रत्येक टाकीत, प्रत्येक थेंबात, कोट्यवधी जीव हे करत होते आणि मला पत्ता नव्हता. माझ्या एका सहीनं मी त्यांच्यावर चुन्याचं पाणी ओतलं, आणि त्यांनी मुकाट्यानं ते उचलून कोठारात ठेवलं, आणखी पंप बांधले, कळ्या फुटू दिल्या. मला हात जोडावेसे वाटले. स्नेहलसमोर जोडले नाहीत, पण वाटलं.

शेवटी तिनं त्या नळीत साबणासारखं काहीतरी घातलं. "आता सगळ्या पेशी फुटतील. किती प्रथिन शिल्लक होतं ते मोजायला हे करावं लागतं." रेघ लखकन पडद्याच्या टोकाला गेली, आणि थोड्या वेळानं विझत खाली आली.

"ही पण खाली आली की," मी म्हटलं.

"ही जळून संपली म्हणून आली, मावशी. मघाची पेशींनी खाली आणली होती."

परतीच्या गाडीत हे वाक्य माझ्याबरोबर होतं. माझ्या कारखान्यातलंही प्रकरण खाली आलं होतं. टाक्या चालू होत्या, फोन बंद झाले होते, कुणी काही विचारत नव्हतं. पण ते मी खाली आणलं नव्हतं. एका माणसाचं नाव जळून ते विझलं होतं. त्या पेशीला एक मिनिट लागलं. मला आठ दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी निमोण्याला गेले. आप्पांची साप्ताहिक सुट्टी होती. ओसरीवर बसले होते, मला बघून उठले. त्यांच्या मंडळींनी पाणी दिलं, आणि मागोमाग दोन पेले ताक आणलं. मला एक दिला. दुसरा आप्पांपुढं धरला. आप्पांनी नुसती मान हलवली.

त्या म्हणाल्या, "घ्या की आता. त्या खोलीतनं काढलंय तुम्हाला. कुणासाठी पाळताय?"

आप्पा म्हणाले, "सीझन संपला न्हाई अजून."

माझ्या हातातला पेला मला तोंडापर्यंत नेता आला नाही. मी तो खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पाण्याची सही, सुईसारखे खडे, रंगाची परीक्षा, ते आठ दिवस, सगळं. आप्पा ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी विचारलं, "म्हंजी यीस्ट मेलं नव्हतं?"

"नाही आप्पा. जवळजवळ एकही नाही. त्यांनी चुना आत राहूच दिला नाही."

त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं होतं ते स्वतःच्या नावासाठी काही बोलतील. ते म्हणाले, "मला रोज वाटायचं, माज्या हातनं येवडी मेली." मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून म्हणाले, "म्या म्हनलं व्हतं ना, डाळ शिजंना म्हनून."

"म्हणाला होतात."

"मग झालं तर."

मी परत आल्यावर साहेबांना सांगितलं, आणि लेखी देते म्हटलं. ते म्हणाले, "लेखी कशाला देता? आप्पांना उद्यापासून परत घेऊ, विषय संपवू." मी म्हटलं, आरोप लेखी होता. पानभर कागद लिहिला, 'संसर्ग नव्हता, चूक माझी, ऑपरेटरनं पाण्याबद्दल आधीच सूचना दिली होती,' आणि ज्या बोर्डावर आप्पांचा कागद लागला होता तिथंच, त्याच टाचण्यांनी लावला. आप्पा परत खोलीत आले. माझं नाव पुढच्या पदासाठी चर्चेत होतं, ते मागं पडलं आणि मागंच राहिलं. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण त्या वेळी बोर्डासमोर उभं राहून एक कामगार मोठ्यानं तो कागद वाचत होता आणि बाकीचे ऐकत होते, ते आठवलं की वाईट वाटणं तिथंच थांबतं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. निमोण्याहून आल्यापासून मी हंगामात ताक सोडलं. पुढचे सगळे हंगाम. घरी पित्ताचं निमित्त सांगायची, कॅन्टीनमध्ये वाटी बाजूला सारायची. कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटलं नाही.

आप्पा दोन हंगामांनी निवृत्त झाले. आणखी काही वर्षांनी माझी पाळी आली. हंगाम ऐन भरात होता. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मी शेवटची यीस्टच्या खोलीत जाऊन टाकीला कान लावून आले. बाहेर आले तर पायरीशी आप्पा उभे. कार्यक्रमाला ते आल्याचं मला दिसलंच नव्हतं. निमोण्याहून एसटीनं आले होते, चपला बाजूला काढलेल्या, हातात पितळी किटली.

किटलीच्या झाकणात त्यांनी ताक ओतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घ्या मॅडम," ते म्हणाले. "तुमचा सीझन संपला."